घरी क्रीम पफ आणि एक्लेअर: उकडीपासून क्रीम भरेपर्यंत

ओव्हनच्या काचेतून पाहावं तर पफ टम्म फुगलेले असतात. वेळ संपते, ट्रे ओट्यावर येतो आणि पाच मिनिटांत ते एकेक करून बसायला लागतात. संध्याकाळी खायला घ्यावेत तर दमट, चिवट आणि चपटे. घरी क्रीम पफ करून पाहणाऱ्या बऱ्याच जणांचं असंच होतं, आणि पुढच्या वेळी बेकिंग पावडर घालून पाहिली जाते. ती घालू नका. पावडरीने वरचं कवच तडकतं आणि आत क्रीमसाठी हवी असलेली एकच मोठी पोकळी होण्याऐवजी पावासारखी जाळी पडते.

पफ फुगतो तो पुरीसारखा, आतल्या पाण्याच्या वाफेवर. अंडी आणि मैदा मिळून त्या वाफेभोवती भिंत तयार करतात. ओव्हनमध्ये ही भिंत ताणली जाते, शिजते, मग वाळते. वाळायच्या आधीच बाहेर काढली तर आतली वाफ थंड होते, आधार जातो आणि भिंत खाली बसते. म्हणून या पदार्थात सतत एकाच गोष्टीकडे लक्ष ठेवायचं, ती म्हणजे पाणी. उकडीतून किती आटवलं, अंड्यांतून किती घातलं, ओव्हनमध्ये किती वाळवलं आणि क्रीम भरल्यावर किती परत शिरलं. खालचा प्रत्येक टप्पा याच हिशेबाने लिहिला आहे.

पफचं पीठ म्हणजे उकडच, फक्त तांदळाच्या पिठीऐवजी मैद्याची. मोदकांची उकड काढणाऱ्या हाताला यातलं निम्मं काम आधीपासून येतं. तीन सवयी मात्र इथे सोडाव्या लागतात: उकडीवर झाकण ठेवून वाफ आणणं, मळताना पाण्याचा हात लावणं आणि अंदाजपंचे पाणी वाढवणं.

## तयारी: वेळ, वजन आणि भांडी

सगळं एकाच संध्याकाळी उरकायचा घाट घालू नका. आत भरायच्या क्रीमसाठी लागणारं कस्टर्ड आदल्या रात्री करायचं. पफ त्या दिवशी सकाळी किंवा दुपारी भाजायचे. क्रीम भरायची ती पाहुणे यायच्या तासभर आधी. सकाळी भरून ठेवलेला पफ संध्याकाळी कुरकुरीत राहत नाही, भाजणी कितीही नीट झालेली असली तरी.

पुढच्या मापात मध्यम आकाराचे १५-१६ पफ होतात, किंवा साधारण १० एक्लेअर (लांबट पफ).

पफसाठी: पाणी १२५ मिली, लोणी ६० ग्रॅम, मैदा ७५ ग्रॅम, अंडी फेटून १२० ग्रॅम (लागतील तशी), साखर १ लहान चमचा, मीठ चिमूटभर.

कस्टर्डसाठी: दूध ३०० मिली, अंड्याचे पिवळे बलक ३, साखर ६५ ग्रॅम, कॉर्नफ्लोअर २५ ग्रॅम, लोणी २० ग्रॅम, व्हॅनिला १ लहान चमचा. हलकं करण्यासाठी १०० मिली व्हिपिंग क्रीम.

वरून लावायला: डार्क चॉकलेट १०० ग्रॅम, साधं फ्रेश क्रीम ८० मिली.

इथे वाटी-चमच्याचं माप वापरू नका. तीच वाटी मैद्याने सैल भरली आणि दाबून भरली तर वजनात बराच फरक पडतो, आणि ७५ ग्रॅमच्या मापात १५ ग्रॅमचा फरक म्हणजे पाचवा हिस्सा. साधा डिजिटल वजनकाटा पुरे आहे. अंड्यांचंही तेच. आपल्याकडे एकाच ट्रेमधली अंडीसुद्धा लहान-मोठी निघतात, म्हणून ‘तीन अंडी’ हे माप होत नाही. फोडून, फेटून वजन करायचं.

कस्टर्डमधून तीन अंड्यांचा पांढरा भाग उरतो. तो झाकून फ्रीजमध्ये ठेवा. दुसऱ्या दिवशी दोन अख्खी अंडी आणि एक पांढरा भाग एकत्र फेटला की १२० ग्रॅमच्या आसपास जातं. पांढऱ्या भागाने पफ थोडे अधिक कुरकुरीत होतात.

लोणी म्हणजे इथे विकतचं बटर. पिवळं बटर खारं असतं, ते घेतलंत तर वेगळं मीठ घालू नका. घरच्या ताज्या लोण्यात ताक आणि पाणी कमी-जास्त असतं, त्यामुळे पहिल्या प्रयत्नाला ते नको. तुपावर करायचं असेल तर ४८ ग्रॅम तूप घ्या आणि पाणी १० मिली वाढवा, कारण बटरमध्ये असलेलं पाणी तुपात नसतं. चव अर्थातच तुपाची येते.

भांडी: जाड बुडाचं स्टीलचं पातेलं (नॉनस्टिक शक्यतो नको, कारण पुढे येईल), लाकडी कालथा, बारीक चाळण, तारेचा फेटणा, पायपिंग बॅग आणि १ ते दीड सेंटिमीटर तोंडाचं गोल नोझल. नोझल नसेल तर बॅगचं टोक तेवढं कापलं तरी चालतं. ट्रेवर घालायचा कागद ओव्हनचा पार्चमेंट असावा. आपण सरसकट ज्याला बटर पेपर म्हणतो त्यातले काही कागद फक्त गुंडाळायचे असतात आणि गरम ओव्हनमध्ये पफच्या बुडाला घट्ट चिकटतात.

अंडी खात नसाल तर: या पिठात अंड्याचं काम दुसरं काही नीट करत नाही. बिनअंड्याच्या कृती आहेत, पण त्यात पोकळी नीट येत नाही असा माझा अनुभव. अंडं नको असेल तर खारीच्या पिठाचे क्रीम रोल करावेत. तो पदार्थ मुळातच अंड्याशिवाय उत्तम होतो.

## १. कस्टर्ड, आदल्या रात्री

दूध आणि निम्मी साखर पातेल्यात तापत ठेवा. दुसऱ्या भांड्यात बलक, उरलेली साखर आणि कॉर्नफ्लोअर गुठळी न राहता फेटा. बलकांवर साखर घालून तसंच ठेवू नका, लगेच फेटा. नाहीतर साखर बलकातलं पाणी ओढते आणि पिवळे कडक दाणे तयार होतात, ते नंतर विरघळत नाहीत.

दुधाला कडेने बुडबुडे आले की गॅस बंद करा. एक डावभर गरम दूध बलकात धारेने ओता, दुसऱ्या हाताने फेटत राहा. असं दोन-तीन डाव झाले की बलक गरम दुधाला सरावतात. मग सगळं मिश्रण गाळून परत पातेल्यात घ्या आणि मध्यम आचेवर सतत ढवळा. बूड आणि कोपरे सोडू नका.

मिश्रण एकदम दाट होतं. इथेच बहुतेक जण घाबरून गॅस बंद करतात आणि दुसऱ्या दिवशी कस्टर्ड पाणी सोडतं. कच्च्या बलकात एक पाचक द्रव्य असतं, ते कॉर्नफ्लोअरचा दाटपणा हळूहळू मोडतं. पूर्ण उकळी आल्याशिवाय ते निकामी होत नाही. ढवळणं क्षणभर थांबवून बघा: मधून जाड, आळशी बुडबुडे ‘भक्’ करून फुटायला हवेत. पहिला बुडबुडा दिसल्यावर आणखी मिनिटभर ढवळत शिजवा. कॉर्नफ्लोअर असल्यामुळे अंडं एवढ्याने फाटत नाही.

उतरवून लोणी आणि व्हॅनिला घाला. पसरट ताटलीत ओता, प्लास्टिक थेट कस्टर्डच्या पृष्ठभागाला लावून झाका म्हणजे साय धरत नाही. ताटली बर्फाच्या पाण्यात ठेवून निववा आणि फ्रीजमध्ये ठेवा. अंडं-दूध असलेला पदार्थ आहे, उन्हाळ्यात रात्रभर ओट्यावर राहता कामा नये.

तपासा: दुसऱ्या दिवशी कस्टर्ड घट्ट श्रीखंडासारखं असावं. चमचा उलटा केला तर लगेच ओघळू नये. त्यापेक्षा सैल असेल तर पफमध्ये भरू नका, फळांवर घालून खा.

## २. उकड

मैदा चाळून हाताशी ठेवा. लोण्याचे लहान तुकडे करा. हे दिसायला किरकोळ, पण महत्त्वाचं आहे. मोठा तुकडा टाकला तर तो वितळेपर्यंत पाणी उकळत राहतं, वाफेने उडून जातं आणि तुमचं १२५ मिलीचं माप मापच राहत नाही. पाणी, लोणी, मीठ, साखर एकत्र करून मध्यम आचेवर ठेवा. लोणी आधी पूर्ण वितळावं, मग खळखळून उकळी यावी.

उकळी मधोमध वर आली की गॅस बारीक करा आणि सगळा मैदा एकदम ओता. थोडा थोडा घातला तर आधी पडलेला शिजतो, नंतरचा कच्चा राहतो आणि गुठळ्या होतात. कालथ्याने जोरात ढवळा. अर्ध्या मिनिटात कोरडं पीठ दिसेनासं होतं आणि एक गोळा जमतो.

मोदकांच्या सवयीने हात आता झाकणाकडे जाईल. झाकण ठेवायचं नाही. तांदळाच्या उकडीला आपण वाफ आत कोंडून मऊपणा देतो. इथे वाफ उडवून लावायची आहे, कारण इथे उडालेल्या पाण्याइतकं अंडं पुढे पिठात बसतं, आणि फुगवटा आणि भिंत दोन्ही त्या अंड्याने येतात. मध्यम-मंद आचेवर गोळा पातेल्याच्या बुडाला दाबत, पसरवत, उलटत दोन ते तीन मिनिटं परता.

तपासा: चार खुणा बघायच्या. गोळा कडा सोडून एकत्र फिरतो. पातेल्याच्या बुडाला पांढरट पातळ पापुद्रा धरतो (नॉनस्टिकमध्ये तो धरत नाही, म्हणून स्टील बरं). कालथा गोळ्यात उभा राहतो. आणि बोटाने दाबलं तर पीठ बोटाला फारसं लागत नाही. काटा असेल तर आणखी खात्री करता येते: रिकाम्या पातेल्याचं वजन आधी लिहून ठेवा. पाणी, लोणी, मैदा मिळून २६० ग्रॅम होतं. माझ्या पातेल्यात ते २४०-२४५ पर्यंत उतरलं की उकड झालेली असते.

सावध: भाजीचा मसाला परतताना आपण तेल सुटायची वाट पाहतो. इथे गोळ्याभोवती तूप सुटलेलं दिसलं तर परतणं जास्त झालं. लगेच उतरवा, एक चमचा गरम पाणी घालून जोरात घोटा, बहुतेक वेळा सावरतं. सावरलं नाही तर ते पीठ भाजू नका, त्यातून तेलकट, बसके पफ होतात.

## ३. उकड निववणं

गोळा दुसऱ्या भांड्यात काढा. त्याच गरम पातेल्यात ठेवला तर तो निवत नाही. कालथ्याने पसरवत तीन-चार मिनिटं हलवा. वाफ येणं थांबलं आणि गोळ्यात बोट धरून पाच सेकंद ठेवता आलं की झालं. त्याआधी अंडं घातलं तर ते तिथेच शिजतं, पिठात पांढरे तुकडे दिसतात आणि फुगवायला अंडं उरत नाही. अगदी गार करायची मात्र गरज नाही, थंडगार उकडीत अंडं मिसळायला त्रास होतो.

## ४. अंडी: नजरेवर थांबायचं

सगळ्यात जास्त पफ बिघडतात ते या टप्प्यावर, आणि त्याचं कारण म्हणजे कृतीत लिहिलेली अंडी मुकाट्याने सगळी ओतली जातात. तुमच्या उकडीतून किती पाणी उडालं हे कृती लिहिणाऱ्याला माहीत नसतं. तुमच्या मैद्याने किती पाणी प्यायलं हेही माहीत नसतं. म्हणून १२० ग्रॅम हा आकडा काटा लावून गाठायचा नाही, पिठाकडे बघत थांबायचं.

फेटलेल्या अंड्यातलं पाव भाग घाला आणि घोटा. पीठ आधी फाटतं, तुकडे तुकडे घसरतात, फसलं असं वाटतं. घोटत राहा, मिनिटभरात पुन्हा एकजीव होतं. पूर्ण मिसळल्याशिवाय पुढचं अंडं घालायचं नाही. तीन भाग घालून झाले की हात आखडता घ्या, शेवटचा पाव भाग चमच्या-चमच्याने घाला आणि दर वेळी तपासा. हाताने केलं तरी चालतं, दंड भरून येतात इतकंच. इलेक्ट्रिक बीटर असेल तर कमी वेगावर ठेवा, पिठात हवा भरायची नाहीये.

तपासा: कालथा पिठात बुडवून वर उचला. पीठ सावकाश घसरलं पाहिजे आणि कालथ्याला त्याचं त्रिकोणी, जाड शेपूट लोंबत राहिलं पाहिजे. तुटून बदकन पडलं तर अजून एक चमचा अंडं हवं. धारेने वाहिलं तर जास्त झालं. दुसरी खूण: पिठात बोटाने रेघ ओढा. कडा हळूहळू एकमेकींकडे झुकाव्यात, रेघ उघडी ताठ राहू नये आणि झटकन मिटूही नये. पिठावर साटीनच्या कापडासारखी चमक येते, ती एकदा डोळ्यांत बसली की पुढे काट्याची गरज लागत नाही.

अंडं उरलं तर उरू द्या. ५ ग्रॅम उरणं आणि २० ग्रॅम उरणं, दोन्ही शक्य आहे.

पीठ सैल झालं तर: वरून कोरडा मैदा भुरभुरू नका. तो कच्चा राहतो आणि पफ आतून पिठूळ लागतात. पाणी, लोणी आणि मैद्याची अर्ध्या मापाची नवी उकड काढा, अंडं न घालता निववा आणि सैल पीठ त्यात थोडं थोडं मिसळत हवा तसा दाटपणा आणा.

## ५. ट्रेवर पाडणं

आता ओव्हन तापत टाका: ओटीजी (रॉडवर तापणारा छोटा ओव्हन) असेल तर खालचा-वरचा दोन्ही रॉड, २०० अंश, पूर्ण १५-२० मिनिटं. दिवा विझला म्हणजे ओव्हन आतून तापला असं होत नाही.

ट्रेला तूप चोपडू नका. निसरड्या ट्रेवर पीठ पसरतं आणि बुडं आत वळतात. कागदाच्या चार कोपऱ्यांखाली पिठाचा ठिपका लावा, ओव्हनच्या पंख्याने कागद फडफडण्याचा प्रश्न मिटतो. बॅग ट्रेवर सरळ उभी धरा, तोंड कागदापासून सेंटिमीटरभर वर ठेवा, ती न हलवता दाबा. पीठ आपोआप गोल पसरतं. ४ सेंटिमीटर रुंद आणि मोठ्या पेढ्याएवढं उंच झालं की दाबणं थांबवा, मग मनगट बाजूला फिरवून बॅग उचला. दाबत दाबत उचललीत तर वर लांब टोक राहतं आणि ते आधी जळतं. राहिलेली टोकं ओल्या बोटाने हलकेच दाबून बसवा.

दोन पफमध्ये ४-५ सेंटिमीटर जागा सोडा. दाटीवाटीने लावले तर एकमेकांची वाफ त्यांना वाळू देत नाही. एक्लेअरसाठी १०-१२ सेंटिमीटर लांब, सारख्या जाडीची पट्टी पाडा. साध्या गोल नोझलपेक्षा बारीक दात्यांचं स्टार नोझल घेतलं तर पट्टी कशीही न तडकता सगळीकडून सारखी फुगते.

एका वेळी एकच ट्रे. उरलेलं पीठ बॅगेतच राहू द्या, तासभर काही होत नाही.

## ६. भाजणी

ट्रे मधल्या कप्प्यात ठेवा. लहान ओटीजीत वरचा रॉड फार जवळ येतो आणि पफ आतून ओले असतानाच वरून लाल होतात. तसं असेल तर एक कप्पा खाली घ्या.

पहिली १५ मिनिटं २०० अंश. मग दार न उघडता १७० वर आणा आणि आणखी २० ते २५ मिनिटं भाजा. कन्व्हेक्शन मायक्रोवेव्हमध्ये फक्त कन्व्हेक्शन मोड वापरा, पंख्यामुळे आच जास्त लागते म्हणून १८० ने सुरुवात करून १६० वर या. मायक्रोवेव्ह किंवा कॉम्बी मोडवर पफ होत नाहीत.

सावध: पहिली २५ मिनिटं दार उघडायचं नाही, फटभरसुद्धा नाही. भिंत अजून ओली असते आणि थंड हवेने वाफ गेली की ती बसते. एकदा बसलेला पफ परत फुगत नाही.

मग कधी काढायचे? घड्याळ बघून नाही. फुगवटा पूर्ण झाला आणि वर सोनेरी रंग आला की पफ झाल्यासारखे दिसतात, आणि खरी फसगत इथेच होते. तडे गेलेल्या जागा बघा. वरचा भाग तांबूस आणि तड्यांतली भिंत फिकट पिवळी असेल, तर आत ओल आहे. बाजूंवर बारीक ओले बुडबुडे चमकत असतील तरी तेच. तड्यांच्या आतही बदामी रंग यायला हवा. आपल्याला सोनेरी म्हणजे छान भाजलेलं असं वाटतं, पण इथे भाजलेल्या शेंगदाण्याच्या सालीइतका गडद रंग हवा.

तपासा: एक पफ बळी द्या. तो बाहेर काढून दोन मिनिटं थांबा. बसला तर बाकीच्यांना आणखी पाच-सात मिनिटं. ताठ राहिला, हातात पिसासारखा हलका लागला आणि बुडावर टिचकी मारल्यावर पोकळ वाजला, तर सगळे झाले.

## ७. वाळवणं

भाजून झालेल्या पफमध्येही वाफ कोंडलेली असते. ओव्हन बंद करा, ट्रे काढा, प्रत्येक पफच्या बुडाला सुरीच्या टोकाने किंवा लहान नोझलने भोक पाडा. क्रीम नंतर याच भोकातून जाईल, म्हणजे हे काम वाया जात नाही. पफ उलटे ठेवून ट्रे परत ओव्हनमध्ये सरकवा आणि दारात लाकडी कालथा अडकवून १०-१५ मिनिटं तसंच राहू द्या. नंतर जाळीवर पूर्ण गार करा. ताटात ठेवले तर खालून घाम धरतो.

एखादा कापून बघा. आत दोन-चार मऊ, ओलसर पापुद्रे असणं ठीक आहे, ते बोटाने काढून टाका. कच्चं, चिकट पीठ असेल तर १६० अंशांवर पाच-आठ मिनिटं आणखी.

पावसाळ्यात हा टप्पा टाळूच नका. जुलैमधल्या मुंबई-कोकणच्या हवेत नीट भाजलेले पफही तासाभरात नरम पडतात. गार झाल्या झाल्या घट्ट झाकणाच्या डब्यात टाका.

## ८. क्रीम भरणं

कस्टर्ड फ्रीजमधून काढून कालथ्याने फक्त गुळगुळीत होईपर्यंत ढवळा. बीटरने फेटत बसलात तर ते सैल पडतं आणि परत घट्ट होत नाही.

व्हिपिंग क्रीम, भांडं आणि बीटर तिन्ही गार हवेत. किराणा दुकानात टेट्रापॅकमध्ये मिळणाऱ्या साध्या फ्रेश क्रीममध्ये बहुधा २५ टक्के स्निग्धांश असतो, ते कितीही फेटलं तरी उभं राहत नाही. खोक्यावर ३० टक्क्यांच्या वरचा आकडा बघा. बेकरीत वापरतात ते वनस्पती तेलाचं क्रीम उन्हात जास्त टिकतं, पण आधीच गोड असतं, ते घेतलं तर कस्टर्डमधली साखर थोडी कमी करा. चव मात्र दुधाच्या क्रीमची वेगळीच, आणि घरी एवढा खटाटोप करायचा तर माझं मत तेच घ्यावं. मऊ टोकं उभी राहिली की थांबा आणि कस्टर्डमध्ये दोन भागांत, खालून वर घेत हलक्या हाताने मिसळा.

कस्टर्डऐवजी श्रीखंड भरायचं असेल तर चक्का रात्रभर चांगला टांगून ठेवा आणि साखर नेहमीच्या निम्मी घाला. साखरेने चक्का सैल होतो, आणि सैल श्रीखंड पफला तासाभरात भिजवतं. हापूसचा रस कस्टर्डमध्ये घालायचा तर आधी मंद आचेवर निम्मा आटवून, गार करून घाला.

लहान नोझल लावून बॅग भरा, बुडाच्या भोकात घाला आणि दाबा. पफ हातात जड होत जातो. क्रीम भोकातून मागे येऊ लागली की थांबा. एकात साधारण ३० ग्रॅम मावतं. एक्लेअरला बुडाला दोन-तीन भोकं पाडावी लागतात, एकाच टोकाने भरलं तर दुसरं टोक रिकामं राहतं.

## ९. चॉकलेट

फ्रेश क्रीम कडेने बुडबुडे येईपर्यंत तापवा, बारीक चिरलेल्या चॉकलेटवर ओता, दोन मिनिटं हात लावू नका, मग मधून बाहेरच्या दिशेने ढवळा. पाण्याचा थेंबही पडू देऊ नका. कोमट झाल्यावर पफचं डोकं त्यात बुडवा, उलटं धरून जादा ओघळू द्या, सरळ करा. गरम चॉकलेट खाली ओघळतं आणि आतलं क्रीम वितळवतं.

## बिघडलेला पफ काय सांगतो

चपटा पसरला: अंडं जास्त, किंवा उकड कमी परतली. फुगून बसला: भाजणी कमी, किंवा दार लवकर उघडलं. फुगलाच नाही, आत गच्च: अंडं कमी, किंवा गरम उकडीत घातल्याने शिजलं. वेडावाकडा तडकला: सुरुवातीची आच फार, किंवा पीठ घट्ट. बूड आत वळलं: ट्रेला तूप, किंवा खालचा रॉड फार तापलेला. तेलकट: उकड जास्त परतली. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर काय सुधारलं ते कळत नाही.

## ठेवणं

रिकामे पफ घट्ट डब्यात दिवसभर राहतात. जास्त दिवस हवे असतील तर पूर्ण गार करून पिशवीत घाला आणि फ्रीजरमध्ये ठेवा, महिनाभर चालतात. खायच्या दिवशी फ्रीजरमधून थेट १६० अंशांच्या ओव्हनमध्ये सात-आठ मिनिटं, मग जाळीवर पूर्ण गार, मगच क्रीम. कोमट पफमध्ये क्रीम भरली तर ती आतल्या आत पातळ होते. भरलेले पफ फ्रीजमध्येच ठेवा आणि दोन-तीन तासांत वाढा. उरले तर दुसऱ्या दिवशीपर्यंत खाता येतात, कवच मऊ झालेलं असतं. कस्टर्ड केल्यापासून दोन दिवसांत संपवा.